पहिल्या रांगेतली खुर्ची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पुण्यातल्या मैत्रिणींना नाही, आणि जिच्यात मी रोजच्या सगळ्या कुरबुरी लिहिते त्या डायरीलासुद्धा नाही. त्या रविवारी डायरीत काय लिहिलंय, माहीत आहे? 'व्याख्यान छान झालं. वडे जरा तेलकट.' बस, एवढंच. आता सात वर्षांनी तुम्हाला सांगायला बसले, तर आधी वडेच आठवले. बघा, अजूनही मी कडेकडेनेच चाललेय.

मी सिंगापूरच्या एका विद्यापीठात संशोधन करते. विषय सांगितला की लोक आधी हसतात. स्पेनमध्ये एका जनरलची हुकूमशाही होती, चांगली तीन-साडेतीन दशकं. त्या काळात तिथल्या विनोदी साप्ताहिकांत छापून आलेली व्यंगचित्रं — आणि न आलेलीसुद्धा — हा माझा अभ्यास. खुद्द जनरलसाहेबांवर काढायची सोय नव्हती, मग ती चित्रकार मंडळी श्रीमंत-गरिबांवर काढायची. फरचे कोट घातलेल्या बायका, सिगार ओढणारे गृहस्थ, आणि खाली पत्र्याच्या खोपटांमध्ये उरलेला देश. माझं एक लाडकं चित्र आहे. उंच गच्चीवर एक सुखवस्तू जोडपं उभं आहे, नवऱ्याच्या डोळ्यांना दुर्बीण, आणि तो बायकोला सांगतोय की आज हवा काय स्वच्छ आहे, गरीब अगदी जवळ दिसतायत. ह्या एका चित्रावर मी चाळीस पानं लिहिली आहेत. सदाशिव पेठेतली बाई, राहते सिंगापुरात, आणि लिहिते स्पेनच्या गरिबांवर. हसलात तरी चालेल, मीही पूर्वी हसायचे.

जी चित्रं छापली गेली नाहीत त्यांच्या मागे सेन्सॉरचा शेरा असायचा, लाल पेन्सिलीने, वळणदार अक्षरात. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. 'सध्या प्रसिद्ध करणे उचित नाही.' 'चित्रकाराच्याच हिताचे नाही.' हे शेरे मी वर्गात वाचून दाखवायचे आणि मुलांना म्हणायचे, बघा, दुसऱ्याचं तोंड किती सभ्यपणे बंद करता येतं. आवाज चढायचा माझा. मला वाटायचं, मी त्या चित्रकारांच्या बाजूची. कुणाच्या बाजूचं असायला पैलतीरावरून काय लागतं?

मी हौगांगला राहते, सरकारी वसाहतीतल्या एका एचडीबी फ्लॅटमधल्या एका खोलीत. घरमालकीण चिनी आजी आहेत. आमचं दिवसाचं संभाषण म्हणजे 'जेवलीस?' आणि 'हो, जेवले.' इथल्या महाराष्ट्र मंडळात जाते, पण तिथे सगळी जोडपी. कुणाचा कॉन्डो कुठे, कुणाच्या मुलाला कुठल्या शाळेत जागा मिळाली, ह्या गप्पांत माझं काय काम? मला एकटं वाटायचं. उगाच भारदस्त शब्द कशाला शोधू — एकटं वाटायचं, इतकंच. आणि म्हणूनच हणमंतरावांची सोबत मला हवीशी होती, हेही आत्ताच सांगून टाकते. मी त्यांच्यावर उपकार करत होते असं समजू नका.

हणमंतराव मला मंडळाच्या गणपतीत भेटले. अठ्ठेचाळीस-पन्नासचे असतील. मूळचे साताऱ्याकडचे, इथे तुआसला जहाजांच्या यार्डात लोखंडी प्लेटांवर मार्किंग करायचे. म्हणजे प्लेट कुठे कापायची त्याच्या खुणा खडूने आखायच्या. त्यांच्या सगळ्या गँगमध्ये मराठी माणूस हा एकटाच. मराठी ऐकायला मिळेल म्हणून दीड तास प्रवास करून ते आरतीला आले होते आणि प्रसादाच्या कागदी प्लेटच्या मागे त्यांनी आमच्या अध्यक्षांना काढलं होतं. आरती म्हणताना डोळे मिटलेले, पण एक डोळा किलकिला, मोदकांच्या ताटावर. पेनाची एकच रेघ, कुठे खोडाखोड नाही. खोडायची सवयच नाही, ते म्हणाले, प्लेटीवरचा खडू पुसत बसलं तर फोरमन वरडतो. मग मला हळूच सांगितलं की प्लेट कापायच्या आधी ते तिच्यावर फोरमनचं तोंडही काढतात. ती प्लेट मग जहाजाच्या पोटात जोडली जाते. कितीतरी फोरमन असे समुद्रात फिरतायत म्हणे.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर, महिन्यातून दोन रविवार, आम्ही हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, भेटायचो. ते तुआसहून यायचे. दर वेळी तेच यायचे. मी तुआसला एकदाही गेले नाही, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडायचे, स्पेनची चित्रं दाखवायचे, खालच्या ओळींचा मराठीत अर्थ सांगायचे. पण खरं सांगू? त्यांना अर्थ सांगावा लागतच नव्हता. दुर्बिणीचं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ताई, खालची मानसं वर बगत न्हाईत, बगा. वर बगून मान दुखती. म्हनून कोन बगत न्हाई." चाळीस पानांत मला हे सुचलं नव्हतं.

ताई. सुरुवातीला ते मला मॅडम म्हणायचे. दोन-तीन महिन्यांनी ताई म्हणायला लागले, आपोआप. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण आपल्याकडे ताई म्हणायला वय थोडंच बघतात? मला बरं वाटलं होतं. इतकं बरं की त्या दिवशी परत जाताना आजींसाठी मी फुलं घेतली.

आता त्या रविवारकडे यायलाच हवं.

मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं. 'हुकूमशाही आणि हास्य.' जागा एका सभासदाच्या कॉन्डोमधली फंक्शन रूम. एका बाजूला सबंध काच, काचेचं दार, पलीकडे पोहण्याचा तलाव. हणमंतराव येणारच होते. खुर्च्या लावायला माणसं कमी आहेत असं मंडळाच्या ग्रुपवर आलं तेव्हा मीच त्यांना विचारलं की थोडे लवकर याल का. आले. साठ खुर्च्या त्यांनी लावल्या, ओळी दोरीने आखल्यासारख्या सरळ. मी म्हणाले, हणमंतराव, पहिल्या रांगेत मी तुमची जागा धरते. आणि माझी कापडी पिशवी मी एका खुर्चीवर ठेवली. आपली माणसं कशी, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा आपली. तशी ती खुर्ची त्यांची. ते हसले. कधी मी पुढं बसलो न्हाई ताई, म्हणाले. खाली व्हॅनमध्ये चार खुर्च्या राहिल्या होत्या, त्या आणायला ते गेले.

तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी आल्या. वहिनी म्हणतो आम्ही त्यांना. वाईट बाई नाहीत, उलट मला डबे पाठवणाऱ्या. त्यांनी सहज विचारलं, "ते गृहस्थ तुझ्याबरोबर आलेत का गं?"

मी म्हणाले, "हो. मदतीला."

मदतीला. माझे मित्र आहेत, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? श्वास तेवढाच लागतो. मी शब्द निवडला आणि निवडताना मला कळत होतं. वहिनी म्हणाल्या, छान केलंस, कामसू दिसतात. आणि मी मान डोलावली.

कार्यक्रम सुरू झाला. तिथलं दार कार्डाशिवाय बाहेरून उघडत नाही. मी पहिलं चित्र पडद्यावर आणलं आणि काचेपलीकडे हणमंतराव दिसले. एका काखेत दोन, दुसऱ्या काखेत दोन, घडीच्या खुर्च्या. त्यांनी दार ढकललं. उघडलं नाही. दाराजवळ बसलेल्या एका सभासदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, थांबा, नंतर. त्याने त्यांना केटररचा माणूस समजलं असणार. हणमंतरावांनी खुर्च्या खाली ठेवल्या, एक मात्र काखेत राहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली — दिसलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मी फक्त म्हणायला हवं होतं, अहो, त्यांना आत घ्या, त्यांची जागा आहे इथे. माझी पिशवी तिथेच होती, समोर, तीन फुटांवर.

मी पुढचं चित्र लावलं.

पन्नास मिनिटं बोलले. गच्चीवरच्या जोडप्याबद्दल, दुर्बिणीबद्दल, काचा आणि खिडक्या त्या चित्रांत किती वेळा येतात त्याबद्दलसुद्धा. होय, काचांबद्दलसुद्धा. लोक हसले, हळहळले, टाळ्या वाजल्या. बाहेर दुपारचं ऊन होतं. त्यांनी तळहात काचेला लावला होता आणि ते पडद्याकडे बघत होते, ऐकू काहीच येत नसणार. चहाला दार उघडलं तेव्हा ते आत आले आणि खुर्च्यांच्या घड्या घालायला लागले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी उचलली, झटकली आणि मला आणून दिली. मी म्हणाले, अरे, तुम्ही बाहेरच राहिलात का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चालतंय की ताई.

हेच सांगायचं होतं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही बरीच वर्षं वाटत होतं की माझा गुन्हा एवढाच.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मी होते. हणमंतरावांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की एक चित्र द्या, आपल्या इथलं काढा, कुणाला घाबरू नका. कुणाला घाबरू नका — हे मी सांगत होते. व्याख्यानानंतर तीन आठवड्यांनी ते हॉकर सेंटरमध्ये आले आणि जुन्या कॅलेंडरमध्ये गुंडाळून आणलेलं चित्र माझ्यासमोर ठेवलं. फोटो काढून पाठवला नाही, म्हणाले, फोटोत रेघ मरती.

तुम्ही ते पाहिलेलं नाही, म्हणून नीट सांगते. आडवं चित्र. सभागृह मागून दिसतंय, खुर्च्यांच्या पाठी आणि लोकांची डोकी. डावीकडे पडदा, पडद्यावर स्पेनमधली खोपटं. पडद्यासमोर एक बाई, पाठीवर वेणी, कानात मोठाली कानातली, आणि डोळ्यांना दुर्बीण. दुर्बिणीतून ती पडद्यावरचे गरीब न्याहाळतेय. सगळी सभा तिच्याबरोबर तिकडेच बघतेय. उजवीकडे काच, काचेपलीकडे एक माणूस, काखेत घडीची खुर्ची. आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर कापडी पिशवी. त्या खुर्चीच्या पाठीवर, अगदी तिथेच, त्यांनी सही केली होती. हणमंत. खाली ओळ नव्हती, लागतच नव्हती.

मी आयुष्यात इतकं चांगलं व्यंगचित्र हातात धरलं नव्हतं. हे मला पहिल्या क्षणी कळलं, माझा धंदाच तो आहे. आणि चित्रात राग नव्हता, हे जास्त कठीण होतं. बाई कुरूप काढली नव्हती. चांगली काढली होती, थोडी एकटीशी.

ते समोर बसून कॉफी पीत होते आणि वाट बघत होते. मी म्हणाले, रेघ सुंदर आलीय. मी म्हणाले, समिती ठरवेल. चित्र मी पिशवीत ठेवलं, त्याच पिशवीत.

समितीला मी ते दाखवलं नाही. समिती म्हणजे मी आणि आणखी दोघं, ती दोघं जाहिरातींच्या मागे. मी जे देईन ते छापणार. आठ दिवसांनी मी हणमंतरावांना मेसेज केला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. 'समितीला वाटतं की हे सध्या छापणं योग्य नाही. शिवाय परदेशात आहात, तुमच्या वर्क पासच्या दृष्टीनेही बरं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.'

सध्या. योग्य नाही. तुमच्याच भल्यासाठी. लाल पेन्सिल तेवढी राहिली. आणि मी ते लिहिताना मला ते शेरे आठवलेसुद्धा नाहीत, पुढच्याच आठवड्यात मी वर्गात ते नेहमीसारखे वाचून दाखवले.

त्यांच्या पासची मला काळजी होती का? बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगितलं. परदेशी कामगार, इथले नियम, कुणी आक्षेप घेतला तर नसती आफत. ऐकायला किती जबाबदार वाटतं. पण मंडळाच्या दिवाळी अंकातल्या चित्राकडे कोण बघायला बसलंय? मला त्या वेणीची काळजी होती. वहिनींनी अंक उघडला असता, वेणी ओळखली असती, पिशवी ओळखली असती आणि विचारलं असतं, ही जागा कुणासाठी धरली होतीस गं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

त्यांचं उत्तर तासाभराने आलं. 'ठीक आहे मॅडम.'

मॅडम.

त्यांना सगळं समजलं होतं. समितीचं नुसतं नाव होतं हे समजलं, पासचं निमित्त समजलं, आणि त्यांनी एका शब्दात मला माझ्या जागी नेऊन ठेवलं. पुढच्या रविवारी मी हॉकर सेंटरमध्ये त्याच टेबलाशी बसले. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, सवयीने. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी फोन केला नाही. चित्र परत द्यायला तुआसला जाता आलं असतं, एमआरटीची गाडी शेवटपर्यंत जाते. गेले नाही. मधे साथीची वर्षं आली, कामगारांना त्यांच्या डॉर्मिटरीत महिनोन् महिने कोंडून ठेवलं होतं, रोज बातम्यांत ते गज आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. तेव्हाही नंबर काढून बघितला आणि फोन खाली ठेवला. नंतर कधीतरी लावला, तर तो नंबर बंद होता. गावाकडे गेले असतील. माहीत नाही.

मला आता इथेच थांबावंसं वाटतंय. पण राहिलंय अजून.

तीन वर्षांपूर्वी एका परिषदेला गेले होते. माझा निबंध फिका पडत होता, तेच ते गच्चीवरचं जोडपं, तीच दुर्बीण, लोक घड्याळं बघणार हे दिसत होतं. शेवटी दाखवायला काहीतरी आजचं हवं होतं. आणि माझ्याकडे होतं ना. निघायच्या आदल्या दिवशी मी ते चित्र स्कॅन केलं. पण वेणीचं काय करायचं? कॉम्प्युटरवर डावी बाजू कापली. पडदा गेला, बाई गेली, पहिली रांग गेली. उरला काचेपलीकडचा माणूस, काखेत खुर्ची, तळहात काचेला. मला कापताना फक्त मी दिसत होते. खुर्चीच्या पाठीवरचं नावही माझ्याबरोबर गेलं, हे मला नंतर कळलं, असं मी म्हणू शकते. पण ते खोटं आहे. मी ते बघितलं आणि मग कापलं.

ते चित्र पडद्यावर आलं आणि घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. पाठीमागून एका वयस्क बाईंनी विचारलं, हे कुणी काढलंय?

मी म्हणाले, एका स्थलांतरित कामगाराने. नाव माहीत नाही.

स्पेनच्या त्या दप्तरांत कितीतरी चित्रांखाली 'चित्रकार अज्ञात' असं लिहिलेलं आहे. मी नेहमी मुलांना सांगत आले की ते भीतीमुळे, चित्रकार नाव लपवायचे. काहींनी लपवलं असेलही. बाकीच्यांचं काय झालं ते मला आता माहीत आहे, आणि वर्गात मी ते सांगत नाही.

त्या परिषदेतूनच पुस्तकाचं ठरलं. गेल्या वर्षी आलं. मुखपृष्ठावर तोच अर्धा भाग आहे, काच आणि माणूस. लोकांना मुखपृष्ठ फार आवडतं. आजींनी पुस्तक उलटून-पालटून बघितलं, चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कॅरी चेअर, बट नो प्लेस टू सिट आह?" मी मान हलवली आणि खोलीत गेले.

मूळ चित्र माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, त्याच कॅलेंडरमध्ये गुंडाळलेलं. त्यात सगळं आहे. वेणी आहे, दुर्बीण आहे, पिशवी आहे, खुर्ची आहे, आणि खुर्चीच्या पाठीवर हणमंत हे नाव, न खोडता काढलेल्या एका रेघेत.

गेल्या आठवड्यात प्रकाशकांची मेल आली. पुस्तक पुन्हा छापतायत, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. पुस्तकात आत, बारीक अक्षरांत, मुखपृष्ठाच्या चित्राखाली 'चित्रकार अज्ञात' असं छापलेलं आहे. ते पान मी उघडलं, वाचलं, बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. मग उत्तर पाठवलं. दोन दुरुस्त्या कळवल्या, एक स्वल्पविराम आणि एक चुकलेलं साल.